अदपाव

आमच्या केओलामामाचं रक्त
होनोलुलूच्या कचेरीत मोजलं, तेव्हा
अदपाव कमी भरलं.

निम्मं लागतं. कायदाच तसा.
निम्मं असेल तर आपल्याच बेटावरचा जमिनीचा एक तुकडा
वर्षाला एक डॉलर भाड्यानं,
तोही रांगेत नंबर लागला तर.

मामानं खिडकीशी उभ्याउभ्या हिशेब मांडला
कागदी पिशवीच्या पाठीवर, सुतारी पेन्सिलीनं:
वडील निम्मे, कारण आजोबा सेकिगुची
गळ्यात नंबराचा बिल्ला अडकवून उसाच्या मळ्यावर आले
आणि इथल्याच एका कोळ्याच्या पोरीपाशी राहिले.
आईचा बाप जोआकिम, मदेरा बेटावरचा,
गुरं राखायचा, घोड्यावर बसल्याबसल्या झोपायचा.
त्याचं शून्य.
उरली आईची आई, कापेका.
कापेका अख्खी, तर मामा आठ आणे.
कापेका अर्धी, तर सहाच.

चर्चच्या वहीत कापेकाच्या नावापुढे
आईचं नाव आहे, साक्षीदाराचं आहे,
पाद्रीबाबाची सही तर ओळ ओलांडून गेलेली.
बापाच्या जागी एक आडवी रेघ.
नखाएवढी.
तिच्यात आमची जमीन अडकली.

बाप कोण, असं कुणी विचारलं तर
कापेका कधी सांगायची, पलीकडच्या खोऱ्यातला नावाडी,
कधी, रात्री चोरून ढोल वाजवायचा तो,
आणि फारच खोदलं की,
“का? जेवायला बोलवायचंय त्याला?”

मिठाचं मात्र एकच सांगायची, तेच, दरवर्षी.
मे सरला की विहिरीतला गाळ उपसायचा.
वाफ्याला काळी माती लावून
गुळगुळीत गोट्यानं घासायची, बाळाचं अंग चोळावं तशी.
खारं पाणी आधी चाखायचं, मग ओतायचं.
त्यावर साय धरू लागली की हळू बोलायचं,
भांडण असेल तर रस्त्यापलीकडे जाऊन.
वरचं पांढरं पाहुण्यांना,
मधलं गुलाबी घराला,
तळाचं तांबूस नव्या होडीला, जखमेला,
मयत झालेल्या घराच्या उंबऱ्याला.
विकायचं नाही.
द्यायचं.
आणि दिलेलं मोजायचं नाही.

मामा मोजत राहिला ते फक्त कचेरीसाठी.
एकतीस वर्षं पत्रं.
कापेकाच्या मावसबहिणीचं प्रतिज्ञापत्र,
नावाड्याच्या खोऱ्यातल्या तीन थडग्यांचे फोटो,
एका ढोलाचाही, फुटक्या.
मधल्या काळात वाफ्यांशेजारी विमानांची धावपट्टी आली,
वाळूत गाड्यांची चाकं फिरली,
दोन वर्षं अशी गेली की ओंजळभरही धरलं नाही.
मामा तरी जून लागला की गुडघ्यांवर बसायचा,
पुढेपुढे तर फक्त बसायचाच,
घासायला आम्ही.

उत्तर आलं ते तो गेल्यावर नऊ दिवसांनी.
“अर्जदाराने मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.”

मी गेले.
माझा स्वतःचा हिशेब तीन आण्यांचा,
बाप ओरेगनहून सुट्टीवर आलेला, सुट्टी संपली तसा परतला.
खिडकीमागची मुलगी पंचविशीची असेल,
छातीवरच्या पाटीत मावत नव्हतं इतकं लांब नाव,
सगळं स्वरांचं, आमच्यासारखंच.
मी मृत्यूचा दाखला सरकवला.
दाखल्यामागून, का कोण जाणे, एक पुडीही.

तिनं उघडली. तांबूस.
“वजन?” तिनं सवयीनं विचारलं,
आणि कानापर्यंत लाल झाली.
मग हळूच, इकडेतिकडे बघत,
“कुणाच्या वाफ्यातलं?”
“कापेकाच्या.”
“हां,” ती म्हणाली, “आमच्या पणजीकडे यायचं.”
आणखी काही विचारलं नाही.

मग तिनं मामाची फाइल ओढली,
शेवटच्या पानावर शिक्का मारला: बंद.
मारताना डावा हात आडवा धरला होता,
पुडीवर शाई उडू नये म्हणून.